तारेची अँजिओ आणि सीटी अँजिओ: बायपासआधी कोणती, नंतर कोणती?

इंदूरच्या रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, कुणाच्या छातीत दुखलं की पहिला प्रश्न येतो, "अँजिओ (हृदयाच्या धमन्यांतले अडथळे दाखवणारी तपासणी) केली का?" कोणती, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

तारेच्या अँजिओत मनगटातून किंवा जांघेतून सुमारे २ मिमी जाडीची नळी थेट हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी नेऊन तिथे डाय (धमनी चित्रात उठून दिसावी म्हणून दिलेलं औषध) सोडतात. सीटीत डाय हाताच्या शिरेतून देतात, ठोके ६०-६५च्या खाली आणायला गोळी देतात आणि दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायला लावतात.

बायपास ठरवताना भिस्त मुख्यतः तारेच्या अँजिओवर असते. साचलेलं कॅल्शियम सीटीत फुगून दिसतं, त्यामुळे अडथळा आहे त्याहून मोठा वाटतो. तार कोणत्या मनगटातून घातली हे सर्जनला आधीच सांगून ठेवा: तिथली धमनी आतून दुखावलेली असू शकते, म्हणून ग्राफ्टसाठी (अडथळ्याला वळसा घालायला जोडलेल्या रक्तवाहिनीसाठी) सहसा घेत नाहीत.

बायपासनंतर चित्र पालटतं. पायातून काढलेली शीर मूळ धमनीपेक्षा रुंद असते आणि ठोक्याबरोबर कमी हलते, त्यामुळे ग्राफ्ट उघडा आहे की बंद, हे सीटीत छान कळतं. मूळ धमन्या मात्र तितक्या नीट दिसत नाहीत, आणि धातूच्या क्लिपांच्या रेघाही मध्ये येतात.

इथे हमखास चूक होते. छातीच्या आतली डावी धमनी, म्हणजे लिमा, हीसुद्धा ग्राफ्ट म्हणून वापरतात, आणि ती गळपट्टीच्या हाडामागून निघते. नेहमीचा सीटी फक्त हृदयापुरता घेतात आणि लिमाचा वरचा भाग सुटतो. म्हणून टेबलावर झोपण्याआधीच "बायपास झालेली आहे, ग्राफ्ट बघायचे आहेत" असं टेक्निशियनला स्पष्ट सांगा. सुई शक्यतो उजव्या हाताला हवी. डाव्या हातातून गेलेली दाट डाय लिमाच्या उगमाजवळच चकाकते आणि तो भाग झाकला जातो.

ग्राफ्टमध्ये स्टेंट घालायची वेळ आली तर पुन्हा तारच. लिमापर्यंत डाव्या मनगटातून सोपं जातं, पण तिथली धमनी ग्राफ्टसाठी काढली असेल तर ती वाट बंद. शिरेचे ग्राफ्ट महाधमनीवर कुठे जोडलेत ते माहीत नसेल, तर प्रत्येकाचं तोंड चाचपडत शोधावं लागतं. डाय वाढते आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आधीच चढलेलं असेल तर किडनीला ते जड जातं. डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोटही मागून घ्या. "लिमा टू एलएडी, एसव्हीजी टू ओएम" (म्हणजे लिमा किंवा पायातली शीर, एसव्हीजी, हृदयाच्या कोणत्या धमनीला जोडली) अशा ओळी असलेला तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.