डेंगीचा ताप चढवतं कोण?

डेंगीत अंग मोडून येतं, डोळ्यांच्या मागे ठणकतं, ताप १०३-१०४ अंशांवर जातो. यातला बराचसा त्रास थेट विषाणूचा नसून त्याच्याशी लढणाऱ्या जन्मजात प्रतिकारशक्तीचा असतो.

एडिस इजिप्ती डासाची मादी चावली की लाळेबरोबर विषाणू कातडीत उतरतो. तिथे लँगरहान्स आणि डेंड्रिटिक पेशींचा पहारा असतो. परका दिसला की त्याला धरून जवळच्या लसिकाग्रंथीत नेणं, हे त्यांचं काम. डेंगीचा विषाणू नेमका यांच्यातच शिरतो आणि त्यांच्याबरोबर ग्रंथीपर्यंत पोचतो.

पेशीत शिरताना तो एका सूक्ष्म पिशवीत असतो. पिशवीतलं आम्ल वाढलं की त्याचं वेष्टण पिशवीच्या पडद्याशी एकजीव होतं आणि सुमारे १०,७०० अक्षरांचा आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, बाहेर पेशीद्रवात सुटतो. त्याच्या नकला निघताना दुपदरी आरएनए तयार होतो, आणि निरोगी पेशीद्रवात असा लांब दुपदरी धागा सहसा नसतो. पिशवीतलं टीएलआर-३ आणि पेशीद्रवातली रिग-आय, एमडीए-५ ही प्रथिनं तो हेरतात. हा डेंगी आहे की आणखी काही, हे त्यांना कळत नाही. नको त्या जागी नको ती वस्तू आहे, एवढं कळतं. तेवढं पुरतं, म्हणून हा बचाव काही तासांत उभा राहतो. नेमक्या याच विषाणूसाठी घडणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, दिसायला तापाचा चौथा-पाचवा दिवस उजाडतो.

इशारा मिळताच पेशी इंटरफेरॉन सोडते. आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये शोधलेलं हे प्रथिन शेजारच्या पेशींना सावध करतं. त्यांच्यात स्टॅट-१ आणि स्टॅट-२ ही निरोप्या प्रथिनं जोडीने केंद्रकात जातात आणि शेकडो जनुकं जागी होतात. कुणी विषाणूचा आरएनए चिरतं, कुणी प्रथिननिर्मितीच थांबवतं.

मात्र यात सगळा खेळ वेळेचा आहे. प्रयोगशाळेत पेशींना आधी इंटरफेरॉन दिलं तर विषाणू फारसा वाढत नाही. तो शिरल्यावर दिलं तर उपयोग फार कमी. कारण आत शिरलेल्या विषाणूचं एनएस-५ हे प्रथिन स्टॅट-२ला पकडून पेशीच्या कचरायंत्रणेकडे पाठवतं. एनएस-२बी३ ही त्याची कात्री स्टिंग नावाचं इशारा देणारं दुसरं प्रथिन कापते. उंदराच्या स्टॅट-२ला आणि स्टिंगला मात्र या दोघांचा धक्का लागत नाही. साध्या उंदराला डेंगी नीट होत नाही, त्यामागचं हे एक मोठं कारण. म्हणून औषधांच्या चाचण्यांसाठी बऱ्याचदा इंटरफेरॉनचे ग्राहीच (त्याचा संदेश पकडणारी प्रथिनं) नसलेले उंदीर वापरावे लागतात.

इंटरफेरॉन आणि त्याच्या जोडीचे आयएल-६, टीएनएफ हे रेणू रक्तातून मेंदूतल्या तापमान-केंद्राकडे संदेश पोचवतात आणि ताप चढतो. त्यावर पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खरी भीती ताप उतरतानाची. बाधित पेशी एनएस-१ हे प्रथिन रक्तात सोडतात. पहिल्या दिवसांतली रक्तचाचणी तेच शोधते. ते मॅक्रोफेज या भक्षक पेशींवरच्या टीएलआर-४ या पहारेकरी प्रथिनाला डिवचून दाहाचे रेणू वाढवतं, आणि रक्तवाहिन्यांच्या आतला शर्करेचा नाजूक थरही खरवडतं. वाहिन्या पाझरू लागतात. पूर्वी डेंगीच्या वेगळ्या प्रकारच्या विषाणूची लागण होऊन गेली असेल तर धोका वाढतो: जुनी प्रतिपिंडं विषाणूला चिकटतात पण निकामी करत नाहीत, उलट मॅक्रोफेजमध्ये शिरायला वाट देतात.

ही गळती साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात सुरू होते आणि २४ ते ४८ तास चालते. प्लेटलेटच्या आकड्यावरच सगळ्यांची नजर असते, पण गळती दाखवतो हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा वाटा: तो मूळच्या पातळीपेक्षा २० टक्क्यांनी चढला तर रक्तातलं पाणी बाहेर चाललं आहे. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थपणा, यांतलं एकही दिसलं तर ताप नसला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.