गरोदरपण, शिक्षा झालेला जोडीदार आणि समाजसेवा यंत्रणा (खान्देश)

गरोदर बाईचा नवरा किंवा जोडीदार एखाद्या गुन्ह्यात दोषी ठरलेला असेल, तर तिच्या आणि होणाऱ्या बाळाच्या सुरक्षिततेसाठी आरोग्य, महिला व बालविकास, पोलीस आणि विधी सेवा या खात्यांकडून होणारी चौकशी, मदत आणि देखरेख हा या नोंदीचा विषय आहे. खान्देश म्हणजे इथे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. यांपैकी नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला.

इंग्लंडमध्ये या कामाला ठरलेली चौकट आहे. जोडीदाराने पूर्वी लहान मुलाला इजा केली असेल किंवा घरात हिंसा केली असेल, तर सुईण किंवा डॉक्टर स्थानिक बालसेवा विभागाला कळवतात आणि बाळ जन्मण्यापूर्वीच मूल्यमापन सुरू होते. गंभीर हानीची शंका वाजवी असेल, तर १९८९ च्या बालक कायद्याच्या कलम ४७ खाली चौकशी होते. तरीही न्यायालयाचा आदेश बाळ जन्मल्यावरच निघू शकतो, पोटातल्या गर्भाबाबत नाही.

भारतात, म्हणून खान्देशातही, जन्माआधीचे असे मूल्यमापन करणारे कार्यालय नाही. ‘नवऱ्याला शिक्षा झालेली आहे’ एवढ्या कारणावरून कोणी चौकशीला येत नाही आणि कोणी बाळ नेऊ शकत नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलीस यंत्रणेला पाहता येते. आशाताईला, अंगणवाडीताईला किंवा सिव्हिलच्या डॉक्टरला नाही. त्यामुळे माहिती येते ती गावातल्या बोलण्यातून, पोलीस पाटलाकडून किंवा बाई स्वतः सांगते तेव्हा. यंत्रणा आत येते ती तीन वाटांनी: आईचे वय, घरातली हिंसा आणि जन्मलेल्या बाळाला असलेला धोका. यांपैकी कोणती वाट लागू आहे हे आधी ठरवावे लागते. तिन्ही एकात मिसळल्या की बाई घाबरते, तपासणीला येणे बंद करते आणि बाळंतपण घरीच उरकले जाते.

वयाची वाट

धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यात सर्वांत जास्त गुंतागुंत याच वाटेवर होते. मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल, तर तिची संमती, समाजाच्या रीतीने झालेले लग्न, दिलेले देज (मुलीच्या घरच्यांना दिलेली रक्कम), यांतले काहीच कायद्यापुढे टिकत नाही. ‘इंडिपेंडंट थॉट’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बलात्काराच्या कायद्यातली १५ ते १८ वयाच्या पत्नीबाबतची सूट काढून टाकली आणि भारतीय न्याय संहितेत ही मर्यादा १८ वर्षे अशीच लिहिली गेली. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याच्या कलम ५ नुसार अत्याचारातून बालिका गरोदर राहिली तर गुन्हा ‘तीव्र’ ठरतो आणि कलम ६ खाली किमान शिक्षा २० वर्षांची आहे. म्हणजे जोडीदाराची शिक्षा बऱ्याचदा आधी झालेली नसते, ती या गरोदरपणातूनच पुढे उभी राहते. पहिल्या तपासणीला आलेल्या घरच्यांना याची कल्पना क्वचितच असते.

पोक्सोच्या कलम १९ नुसार असा प्रकार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रुग्णालयात नोंद करताना वय १८ च्या आत दिसले की एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद) होते आणि पोलिसांना सूचना जाते. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी गुन्हा शून्य क्रमांकाने, म्हणजे जवळच्या कोणत्याही ठाण्यात, नोंदवता येतो; ऊसतोडीला किंवा सुरतेकडे गेलेल्या कुटुंबांत ही वेळ वारंवार येते. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते आणि समितीने मुलीला एक सहायक व्यक्ती नेमून द्यायची असते. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. भाषा पावरी किंवा भिलोरी असेल तर दुभाष्या मागण्याची तरतूद कायद्यातच आहे. तो मागितला जात नाही, जबाब हवालदाराच्या मराठीत उतरतो आणि खटल्यात मुलगी ‘मी असं बोललेच नाही’ म्हणते, हे इथले नेहमीचे चित्र.

वय ठरवण्याचा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे: शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्डावरची जन्मतारीख वयाचा पक्का पुरावा धरली जात नाही. शाळेच्या रजिस्टरात १ जून ही तारीख दिसली तर ती बहुधा गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी टाकलेली असते. खरे वय त्याहून कमी किंवा जास्त असू शकते, म्हणून अंगणवाडीची जुनी नोंद आणि लसीकरणाचे कार्ड शोधून काढण्यात घातलेला वेळ वाया जात नाही.

गर्भ ठेवायचा की नाही हा प्रश्न वेगळा आणि घाईचा. गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. २० आठवड्यांपुढे दोन डॉक्टरांचे मत लागते आणि १८ च्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती. पोलिसांची परवानगी लागत नाही. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. २४ आठवडे उलटले की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अर्ज करावा लागतो. तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाच्या हद्दीत येतात. गर्भपात झाल्यास डीएनएसाठीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नये, त्याने डीएनए खराब होतो. तो सलाइनमध्ये, थंड ठेवून, पंचनाम्यासह प्रयोगशाळेकडे पाठवायचा असतो. एवढ्या एका चुकीने पुरावा नष्ट होतो.

अत्याचारग्रस्तांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. बालविवाहाची स्वतंत्र तक्रार गावात ग्रामसेवकाकडे होते, कारण राज्यात तोच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. लग्न रद्द ठरले तरी बाळ औरसच राहते, आणि हे घरच्यांना मुद्दाम सांगावे लागते.

हिंसेची वाट

बाई सज्ञान आहे, नवरा मारहाणीच्या, खुनाच्या प्रयत्नाच्या किंवा दारूबंदीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आला आहे आणि पुन्हा हात उचलतो. अशा वेळी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लागू होतो. संरक्षण अधिकारी घटना अहवाल भरतात. त्यात तारखा, जखमा, मूल पोटात असताना झालेली मारहाण आणि आधीच्या शिक्षेचा खटला क्रमांक असे तपशील भरावेत. ‘वारंवार त्रास देतो’ एवढे एक वाक्य लिहिलेला अहवाल न्यायालयात कमजोर पडतो. आधीची शिक्षा खरी की ऐकीव, हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय आणि पक्षकाराचे नाव टाकून बऱ्याच वेळा पाहता येते. आडनाव पाडवी, वसावे, पावरा असेल तर एकाच नावाची अनेक माणसे निघतात, म्हणून वर्ष आणि पोलीस ठाणे ताडून घ्यावे.

कलम १२ च्या अर्जावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात दुसरा आकडा क्वचितच पाळला जातो, म्हणून कलम २३ खालचा अंतरिम आदेश त्याच अर्जात मागावा. कलम १९ खाली नवऱ्याला घर सोडून राहण्याचा आदेश मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोटगीबाबत मात्र भ्रमात राहू नये. नवरा कारागृहात असेल तर आदेश निघतो, वसुली होत नाही.

रात्री घर सोडावे लागले तर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस). जिल्ह्याच्या ‘सखी’ केंद्रात तात्पुरता निवारा, डॉक्टर, पोलीस आणि वकील एकाच ठिकाणी मिळतात, पण मुक्काम काही दिवसांपुरताच असतो. पुढच्या महिला वसतिगृहाची सोय तिथे पोहोचल्याच्या दिवसापासूनच पाहावी लागते. वकील मोफत मिळतो. स्त्रीला विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्नाची अट नाही आणि तालुका विधी सेवा समितीत साधा अर्ज पुरतो.

बाळाची वाट

बाळ जन्मले की बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. कलम २(१४) मधल्या एका पोटकलमात इंग्लंडच्या पद्धतीशी सर्वांत जवळची तरतूद सापडते: ज्याने दुसऱ्या एखाद्या मुलाला ठार मारले, छळले किंवा त्याचे शोषण केले आहे आणि या मुलालाही तसाच धोका होण्याची वाजवी शक्यता आहे, अशा माणसासोबत राहणारे मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ ठरते. म्हणजे पोक्सोत दोषी ठरलेला माणूस सुटून बाळ-बाळंतिणीच्या घरी राहायला येत असेल तर बाल कल्याण समितीला दखल घेता येते. चोरी, जुगार किंवा दारूच्या केसमध्ये शिक्षा झालेल्या बापाला हे कलम लागत नाही. पारधी वस्तीतल्या एखाद्या बापावर निव्वळ जुन्या नोंदी आहेत म्हणून बाळाबद्दल अहवाल मागणे तर सरळ गैरच.

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि महिन्यात किमान २० दिवस बैठक व्हावी लागते. कळवायचे असेल तर १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन). बाळाला घरातून हलवले गेले तर २४ तासांत समितीसमोर आणावे लागते. मग सामाजिक तपासणी अहवाल येतो. त्यासाठी येणारी व्यक्ती घर, उत्पन्न, व्यसन, आजी-आजोबा, शेजाऱ्यांचे म्हणणे आणि बापाची शिक्षा यांची नोंद करते. हा अहवाल १५ दिवसांत अपेक्षित असतो. बाईने त्या वेळी एमसीपी (माता व बाल संरक्षण) कार्ड, तपासण्यांच्या नोंदी आणि आई किंवा सासू सोबत राहणार असल्याचे लेखी दाखवले तर बाळ घरीच, देखरेखीखाली, ठेवण्याचा आदेश मिळणे सोपे जाते. बाळाला संस्थेत ठेवणे हा कायद्याने शेवटचा पर्याय आहे. समिती बापाला घराबाहेर काढू शकत नाही, त्यासाठी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा दंडाधिकाऱ्याचा कलम १९ चा आदेशच लागतो, आणि हे दोन अर्ज एकमेकांना जोडून न चालवल्यामुळे कित्येक प्रकरणे अडकतात. समितीच्या आदेशावर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते.

अल्पवयीन मातेवर ‘बाळ देऊन टाक’ असा दबाव येतो, तेव्हा समर्पणपत्रावर (बाळ सोडून देत असल्याच्या कागदावर) सही झाल्यापासून ६० दिवस निर्णय फिरवता येतो हे तिला तिच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. कागदावर अंगठा घेणे म्हणजे सांगणे नव्हे.

पैसा, आहार, कागद

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासूनच्या सुधारित रूपात नवऱ्याचे आधार सक्तीचे नाही, तरी काही ठिकाणी ते अजून मागितले जाते. नवरा कारागृहात असल्यामुळे अर्ज थांबवायचे कारण नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत शेवटच्या तिमाहीपासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत अंगणवाडीत रोज एक गरम जेवण मिळते. बाप कारागृहात असलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे, शिक्षेच्या निकालाची प्रत किंवा कारागृहाचा दाखला जोडून. हा दाखला मिळायला वेळ लागतो, तो बाळंतपणाआधीच मागून ठेवावा.

जन्मनोंद २१ दिवसांत मोफत होते. लग्न झालेले असेल तर बापाचे नाव लागते, तो कुठेही असो. आई अविवाहित असेल आणि बापाचे नाव लावायचे नसेल तर फक्त तिच्या नावाने दाखला मिळतो, तसा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निर्णय आहे.

नवऱ्याची रजा

खान्देशातले मोठी शिक्षा झालेले कैदी बहुतेक नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात असतात. पत्नीचे बाळंतपण हे अभिवचन रजेसाठी (पॅरोलसाठी) मान्य कारण आहे. बलात्कार, दरोडा, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांतल्या कैद्यांवर वेगळी बंधने आहेत. अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत विभागीय आयुक्तांकडे जातो. त्यासोबत अपेक्षित तारखेचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि जामीनदार लागतो आणि गावच्या ठाण्याचा अहवाल मागवला जातो. हाच अहवाल सर्वाधिक रखडतो, म्हणून अर्ज सातव्या महिन्यात जायला हवा. त्या चौकशीला हवालदार घरी येतो तेव्हा बाईला नवऱ्याने घरी यायला नको असेल तर ती तसे एकटीत सांगू शकते. सासरच्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तर मिळत नाही.