पिंजऱ्याचं दार उघडलं म्हणजे सुटका नव्हे

कोपऱ्यात पडलेला, स्वतःची पिसं उपटणारा पोपट दिसला की कुणीतरी म्हणतंच, ‘सोडून द्या बिचाऱ्याला, जाईल उडून.’ हेतू चांगला, सल्ला घातक. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहून उडण्याचे स्नायू कमजोर झालेले असतात. अन्न शोधणं, शिकाऱ्यापासून वाचणं तो शिकलेलाच नसतो.

आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पोपट आजार लपवण्यात पटाईत असतो. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर जगलेल्याला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. पण आहार एका दिवसात बदलू नका. अनोळखी अन्न दिसलं तर हा हट्टी जीव चक्क उपाशी बसतो! गाजर, पालेभाज्या हळूहळू वाढवा आणि रोज सकाळी वजन बघा. पिसं उपटण्यामागे कधी कंटाळाही असतो, तेव्हा कुरतडायला लाकूड द्या आणि पिंजरा माणसांच्या वावरात ठेवा.