पार्श्वभूमी : चित्र हलके करणे आणि ‘७२ डीपीआय’चा घोळ

चित्राची फाइल हलकी करण्याची निकड डायल-अपच्या काळात आली. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर सेकंदाला फार तर साडेतीन केबी उतरत. ५० केबीचे चित्र उमटायला चौदा सेकंद लागत. चित्राच्या फाइलींच्या प्रकारांपैकी जिफ १९८७ पासून होते, जेपेगचे प्रमाण १९९२ चे. युनिकोड रुळण्याआधी मराठी शीर्षके अनेकदा चित्र म्हणूनच चढवली जात आणि त्याला जिफच बरे पडे. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते, त्यामुळे शिरोरेषेच्या कडेला डाग धरतात. १९९४ च्या अखेरीस जिफमधल्या एलझेडब्ल्यू या माहिती आवळण्याच्या पद्धतीच्या पेटंटपोटी पैसे मागितले गेले; त्यातून १९९६ मध्ये पीएनजी हा नवा प्रकार आला.

याच दशकात ‘वेबसाठी ७२ डीपीआय’, म्हणजे वेबवरचे चित्र इंचाला ७२ ठिपक्यांवर ठेवावे, हा नियम रुजला. १९८४ च्या अ‍ॅपल मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते, म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक पॉइंट (छपाईतले माप, इंचाचा ७२ वा भाग). पुढे विंडोजने ९६ धरले, पडदे बदलले, आकडा मात्र तसाच राहिला. वास्तविक डीपीआय ही जेपेग फाइलच्या सुरुवातीला लिहिलेली काही बाइटची नोंद आहे. छापताना ती कामाची. ब्राउझर ती पाहतही नाही. १२०० × ८०० चे चित्र ७२ वर ठेवा की ३०० वर, वजन तेच.

मग नियम खरा का वाटला? चित्र सुधारण्याच्या प्रोग्राममधल्या ‘रीसॅम्पल’च्या, म्हणजे पिक्सेलांची संख्याही बदला असे सांगणाऱ्या, खुणेमुळे. ही खूण असताना ३००० × २००० चे चित्र ३०० वरून ७२ वर आणले की ७२० × ४८० उरते, पिक्सेल सतरा पटींहून कमी होतात. फाइल हलकी होते ती त्यामुळे, आणि श्रेय डीपीआयला जाते. खूण नसेल तर आकडा बदलतो, एमबी तेवढेच राहतात. उलट ८०० पिक्सेल रुंदीचे पोस्टर याच नियमाने ३०० वरून ७२ वर आणले की १९२ पिक्सेल रुंदीचे उरते. मग ते ताणून मोठे केले की अक्षरे फुटतात. हे नुकसान भरून निघत नाही, म्हणून मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नये.

बँकभरतीच्या अर्जांनी गुंता वाढवला : स्कॅनर किमान २०० डीपीआयवर, फोटो २०० × २३० पिक्सेल, वजन २० ते ५० केबी. स्कॅनरपाशी डीपीआयला खरा अर्थ आहे. ३.५ × ४.५ सेंमीचा फोटो २०० वर साधारण २७६ × ३५४ पिक्सेलचा होतो. त्यानंतर मोजायचे ते पिक्सेल आणि केबी. फोटो २० केबीखाली गेला तर जेपेगची क्वालिटी वाढवावी. डीपीआय वाढवून काही होत नाही.

१९९९ च्या सुमारास फोटोशॉपमध्ये ‘सेव्ह फॉर वेब’ची खिडकी आली, क्वालिटी बदलताना चित्र आणि केबी शेजारी दिसू लागले. फाइलींचे नवे प्रकार म्हणजे वेबपी २०१० चे, एव्हीआयएफ २०१९ चे. दोन्ही जेपेगपेक्षा बऱ्याचदा हलके, पण अनेक अर्ज अजून जेपेगच मागतात. शुभेच्छापत्रातली पिवळ्यावरची लाल अक्षरे पुसट होतात त्याचे कारण वेगळे : जेपेगच्या ४:२:० या सेटिंगमध्ये रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी होते. तिथे रंगाची माहिती पूर्ण ठेवणारे ४:४:४ निवडावे, किंवा रंग मोजके असतील तर ८ बिटांचे पीएनजी करावे.