किनाऱ्याचा आकडा आणि वाडीतली घरं

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वारा सगळ्यांना तोच, तरी एक घर महिन्याभरात सावरतं आणि शेजारचं पुढची कित्येक वर्षं कर्ज फेडत राहतं. आपत्तिप्रवणता, म्हणजे आपत्तीत कोणाचं किती नुकसान होऊ शकतं ते, मोजायची ती हा फरक आधीच कळावा म्हणून.

प्रचलित पद्धत किनाऱ्यापासून सुरू होते. भूरूप, उतार, किनारा झिजण्याचा वेग, समुद्रपातळीतली वाढ, लाटांची उंची आणि भरती-ओहोटीतलं अंतर या सहा घटकांना धोक्यानुसार १ ते ५ गुण देतात. गुणांचा गुणाकार करून त्याला ६ ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. समजा गुण ४, ४, २, ३, ३, ३ आले. गुणाकार ८६४, भागाकार १४४, निर्देशांक १२. यातल्या २ च्या जागी ४ धरला की तोच निर्देशांक १७ होतो. म्हणून एका घटकातली चूकही महागात पडते.

कोकणात ही चूक बहुतेक वेळा, उतार जिच्यावरून काढतात त्या जमिनीच्या उंचीत होते. उपग्रहाच्या रडारवरून केलेले फुकट उपलब्ध नकाशे दाट झाडीत जमिनीऐवजी शेंड्यांच्या आसपासची उंची धरतात. नारळ-पोफळीच्या वाडीतलं सखल घर त्यामुळे कागदावर काही मीटर उंच दिसतं आणि पुराच्या नकाशातून सुटतं. त्यावर उपाय साधाच, पण पायपिटीचा आहे. उधाणाचं पाणी पूर्वी कुठवर आलं होतं ते जुन्या माणसांना विचारायचं, तिथे खूण करायची आणि डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून प्रत्येक घराच्या जोत्याशी तिची तुलना करायची.

एवढं करूनही हा आकडा फक्त किनाऱ्याचा असतो. माणसांसाठी घरोघरी जावं लागतं. छप्पर कौलांचं, पत्र्याचं की स्लॅबचं? कमावणारे किती आणि सगळे एकाच धंद्यावर आहेत का? होडीचा विमा आहे का? आधाराशिवाय चालू न शकणारं कोणी घरात आहे का, आणि निवाऱ्याच्या वाटेवरची खाडी भरतीला ओलांडता येते का? उत्तरं ० ते १ या पट्टीवर आणताना दिशा सांभाळावी: आकडा जास्त म्हणजे धोका जास्त. विमा असेल तर आकडा घटला पाहिजे. नवखे लोक हमखास इथेच चुकतात. सरसकट सरासरीही फसवी असते. घरात चार मोबाइल आहेत म्हणून कच्च्या छपराचा धोका कमी होत नाही. तालुक्याची सरासरी तर त्याहून वाईट, कारण बाजारपेठेतल्या पक्क्या घरांत कोळीवाडा हरवून जातो.

सावरायला लागणारा काळ बहुतेक सर्वेक्षणांत विचारलाच जात नाही. आमच्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात. निसर्गनंतर बागांसाठी सुरुवातीला हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर झाली. बाग दहा गुंठ्यांची असेल तर हाती येतात सुमारे पाच हजार. २.७ मीटर अंतराने लावलेल्या अशा बागेत सव्वाशेच्या वर पोफळी असतात. क्षेत्रफळासोबत झाडं आणि त्यांचं वय सर्वेक्षणात आधीच नोंदलेलं असेल, तर पंचनाम्याच्या वेळी आडव्या पडलेल्या बागेत कोणाची किती झाडं होती यावर वाद घालत बसावं लागत नाही.