लैंगिक हिंसेची कारणमीमांसा

लैंगिक हिंसा का घडते, ती कोण करतो आणि घर, गाव, पोलीस, डॉक्टर, न्यायालय तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, याचा शोध घेणारी ही अभ्यासशाखा. तिला कायदा, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास आणि वैद्यक अशा अनेक विषयांनी हातभार लावला आहे. स्वतंत्र विषय म्हणून ती उभी राहिली १९७०च्या दशकात, स्त्रीमुक्ती चळवळीच्या रेट्याने. बलात्कारावर त्याआधीही लिहिले जात होते, पण त्या लिखाणात झडती व्हायची ती बाईची. ती तिथे का गेली, एवढ्या उशिरा काय करत होती, ओरडली का नाही? हे प्रश्न बाईवरून उठून करणाऱ्यावर, आणि त्याला पाठीशी घालणाऱ्यांवर आले, तेव्हा या विषयाला शास्त्राचे रूप येऊ लागले.

शब्दांतले निदान

कारणांचा विचार भाषेपासूनच सुरू होतो. मराठी बातम्यांत ‘अब्रू लुटली’, ‘अतिप्रसंग केला’ असे लिहिण्याची जुनी रीत आहे. अब्रू लुटली म्हटले की नुकसान बाईच्या देहामनाचे उरत नाही, ते घराण्याचे होते; मग घराणेच ठरवते की तक्रार करायची की झाकायचे. ‘अतिप्रसंग’ या शब्दात तर मुळात काही रीतसर चालले होते आणि ते जरा जास्त झाले, असा भास आहे. करणाऱ्यासाठी ठेवणीतला शब्द म्हणजे ‘नराधम’. त्यातला संताप खरा असतो. पण या शब्दाने तो माणसांच्या जगातूनच बाहेर जातो, आणि आपल्या ओळखीतला, आपल्याच पंगतीत जेवणारा माणूस हे करू शकतो ही शक्यता नजरेआड होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ सालात देशभरात बलात्काराच्या ३१,५१६ गुन्ह्यांची नोंद दाखवली. अशा गुन्ह्यांत दरवर्षी ९० टक्क्यांहून अधिक आरोपी तक्रारदाराच्या ओळखीचे असतात: नातलग, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचे वचन दिलेला. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस या आकड्यांत फार थोडा सापडतो.

दोष बाईचाच का, हा सवाल मराठीत फार आधी विचारला गेला आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी करण्यात आली) आणि वर्तमानपत्रे बायकांच्या चारित्र्यावर तुटून पडली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. बाईला त्या अवस्थेला नेणारा पुरुष कुठे आहे, त्याला कोणी का विचारत नाही, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. बलात्काराचा सिद्धान्त मांडण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही. तरी जो रोख वळायला पुढे शंभर वर्षे लागली, तो त्यात स्पष्ट दिसतो.

मथुरा खटला

भारतातल्या अभ्यासाची सुरुवात कुठून धरावी, तर देसाईगंजपासून. तेव्हाच्या चंद्रपूर (आता गडचिरोली) जिल्ह्यातले हे गाव. मथुरा ही पोरकी, मजुरी करणारी आदिवासी मुलगी. वैद्यकीय अंदाजानुसार तिचे वय १४ ते १६. ती ज्या तरुणाशी लग्न करणार होती, त्याच्या नातलगांविरुद्ध तिच्या भावाने पळवून नेल्याची तक्रार केली, म्हणून २६ मार्च १९७२च्या रात्री सगळ्यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावले. जबाब झाले, साहेब घरी गेले, बाकीच्यांना बाहेर काढण्यात आले, मथुरेला मागे ठेवले. ठाण्याच्या मागच्या बाजूला एका शिपायाने बलात्कार केला आणि दुसऱ्याने अंगाशी झोंबाझोंबी केली, अशी तिची तक्रार होती.

तपासणीच्या अहवालात डॉक्टरांनी दोन गोष्टी नोंदल्या. अंगावर जखमा नाहीत, आणि योनीत दोन बोटे सहज जातात. पुढची सगळी न्यायालयीन चर्चा या दोन नोंदींभोवती फिरली. सत्र न्यायाधीशांनी १९७४ मध्ये तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे म्हणून आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. भीतीपोटी मुकाट्याने सोसणे आणि राजीखुशीने होकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सांगून एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एका वर्षाची शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे संबंध शांततेत झाला, असा तो तर्क होता.

वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. या विषयावरच्या भारतीय लिखाणात मी या काही पानांना सर्वांत वरचे स्थान देईन. पत्र भावनेला हात घालते, पण उभे आहे ते कायद्याच्या युक्तिवादावर. रात्री पोलीस ठाणे, दाराला आतून कडी, समोर वर्दीतली दोन माणसे, आणि एक निरक्षर मजूर मुलगी. या परिस्थितीत ती ‘नाही’ म्हणू शकली असती का, हा प्रश्न न्यायालयाने स्वतःला विचारलाच नाही, हे पत्राचे म्हणणे होते. बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावणेच कायद्याविरुद्ध होते, त्यावर निकालपत्रात चकार शब्द नाही, आणि तिच्या आधीच्या संबंधांना मात्र वजन दिले आहे, हेही त्यांनी दाखवले.

८ मार्च १९८०ला देशभर मोर्चे निघाले, मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ स्थापन झाला. निकालाचा फेरविचार झाला नाही, पण १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा झाला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने धरून चालावे, हे पुरावा कायद्यात आले. पीडितेचे नाव छापण्यावरही बंदी आली. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला मात्र २०१३ साल उजाडले. देसाईगंजच्या त्या रात्रीला तोवर ४१ वर्षे झाली होती.

करणाऱ्याचा अभ्यास

पाश्चात्य देशांतली वाटही अशीच वळणावळणाची आहे. मेनाकेम अमीर यांनी फिलाडेल्फियाच्या पोलीस दफ्तरातली ६४६ प्रकरणे तपासून १९७१ मध्ये पुस्तक लिहिले. बलात्कार बरेचदा आधी ठरवून केलेला असतो, हा त्यातला निष्कर्ष मोलाचा होता. पण काही प्रकरणांना त्यांनी ‘पीडितेनेच ओढवून घेतलेली’ असे नाव दिले आणि जुनाच आरोप आकडेवारीचा झगा घालून परत आला. १९७५ मध्ये सुझन ब्राउनमिलर यांचे ‘अगेन्स्ट अवर विल’ आले. वासना अनावर झाली म्हणून बलात्कार होत नाही, बायकांना धाकात ठेवण्याचे ते हत्यार आहे, हे त्यांनी ठासून मांडले. युद्धांतील अत्याचारांचा, त्यात १९७१च्या बांगलादेशाचाही, आढावा घेतला. या पुस्तकाने दिशा बदलली, पण त्यातला ‘सगळे पुरुष’ हा शब्दप्रयोग फार ऐसपैस होता. अमेरिकेत गोऱ्या बाईवर हात टाकल्याच्या खोट्या आरोपांवरून काळ्या पुरुषांना झुंडीने ठार मारल्याचा इतिहास आहे, आणि त्याची दखल न घेता बलात्कारावर लिहिता येणार नाही, असे अँजेला डेव्हिस यांनी १९८१ मध्ये बजावले. ते योग्यच होते.

डायना स्कली यांनी वेगळीच वाट धरली. व्हर्जिनियातल्या तुरुंगांत जाऊन त्यांनी बलात्काराबद्दल शिक्षा भोगणाऱ्या ११४ पुरुषांशी बोलून घेतले. ते मनोरुग्ण नव्हते. बहुतेकांकडे स्वतःच्या कृत्याचे समर्थन तयार होते, आणि ती समर्थने समाजाच्या बोलण्यातूनच उचललेली होती: तिलाही हवे होते, ती तसलीच होती, नाही म्हणजे होच. ज्यांनी गुन्हा कबूल केला, त्यांनीही दारूवर, रागावर बोट दाखवले. १९९०च्या त्यांच्या पुस्तकाचा मथितार्थ असा की बलात्कार ही शिकलेली वागणूक आहे, आणि शिकवणारे आसपासच असतात.

तुरुंगात पोचलेले कैदी म्हणजे हिमनगाचे टोक. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेले सर्वेक्षण महत्त्वाचे. बांगलादेश, कंबोडिया, चीन, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी आणि श्रीलंका या सहा देशांतल्या १०,००० हून अधिक पुरुषांना घरी जाऊन विचारले. ‘बलात्कार’ हा शब्द प्रश्नांत टाळला आणि कृती विचारली: मर्जीविरुद्ध कोणाशी संबंध ठेवला का? जवळपास चौथ्या हिश्शाच्या पुरुषांनी होकार दिला. ठिकाणाठिकाणांत फरक मोठा, १० टक्क्यांपासून ६० टक्क्यांपुढे. कारण काय, तर ७० ते ८० टक्के जणांचे उत्तर एकाच अर्थाचे: मला हवे होते, आणि तो माझा हक्क होता. करमणूक, राग, शिक्षा ही कारणे त्यामागून. निम्म्याहून अधिकांनी पहिल्यांदा हे विशीच्या आत केले होते, आणि बहुसंख्यांना कायद्याची झळ लागलीच नव्हती. लहानपणी स्वतः मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्यांत प्रमाण जास्त निघाले. भारत या पाहणीत नव्हता.

बलात्कार पुरुषाच्या उत्क्रांतीतच रुजलेला आहे, असे थॉर्नहिल आणि पामर यांनी २००० साली मांडले, त्यावर मोठा वाद झाला. त्या मांडणीपुढची मोठी अडचण म्हणजे ठिकाणाठिकाणांतला हाच फरक. एलिझाबेथ वुड यांनी सशस्त्र गटांची तुलना करून दाखवले की काही संघटना अन्य बाबतींत अतिशय क्रूर असूनही (श्रीलंकेतली एलटीटीई हे त्यांचे ठळक उदाहरण) त्यांच्यात नागरिकांवरील लैंगिक हिंसा कमी होती, कारण वरून सक्त मनाई होती. जे हुकमाने थांबते, त्याला निसर्ग म्हणता येत नाही.

जात, फाळणी, गाव

भारतात लैंगिक हिंसा ही बऱ्याचदा एका समूहाने दुसऱ्याला दिलेली शिक्षा असते. उर्वशी बुटालिया, आणि रितू मेनन व कमला भसीन यांच्या १९९८च्या पुस्तकांनी फाळणीतल्या बायकांचे जबाब पुढे आणले. शत्रूने पळवले हे एक. आपल्याच माणसांनी अब्रूसाठी मारले किंवा मरायला लावले हे दुसरे. रावळपिंडीजवळच्या थोआ खालसात मार्च १९४७ मध्ये सुमारे ९० बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या. याला कितीतरी वर्षे फक्त हौतात्म्य म्हटले गेले.

जातीचा प्रश्न स्त्रीचळवळीने बराच काळ बाजूला ठेवला, असा आक्षेप दलित स्त्रियांनी घेतला, आणि पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्याला सैद्धान्तिक बैठक दिली. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरी देवींवर १९९२ मध्ये अत्याचार झाला. उच्च जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाहीत, अशा धर्तीचा तर्क करून खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले. भंवरी देवींच्या लढ्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचे १९९७चे विशाखा निर्देश आले. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारले. खुनाच्या शिक्षा झाल्या. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही, आणि मायलेकींवरील लैंगिक अत्याचाराचा ठपकाही कोणावर आला नाही.

आकडे आणि तपासणी

नोंदींवर डोळे झाकून भिस्त ठेवता येत नाही, हेही संशोधनानेच शिकवले. पत्रकार रुक्मिणी एस. यांनी दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांतले २०१३चे निकाल वाचले. पूर्ण सुनावणी झालेल्या ४६० खटल्यांपैकी १८९ हे पळून गेलेल्या किंवा परस्परसंमतीच्या जोडप्यांविरुद्ध आईवडिलांनी केलेले होते. यावरून बायका खोटे बोलतात असा निष्कर्ष काढणारे चुकतात. तिथे मुलीची इच्छा दडपण्यासाठी कायदा वापरणारे तिचे घर होते.

दोन बोटांच्या तपासणीला वैद्यकीय आधार नाही, हे मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेसारख्या अभ्यासगटांनी रुग्णालयांत काम करून मांडले. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये, अवघ्या २९ दिवसांत दिलेल्या अहवालात ती बंद करण्यास सांगितले, २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तपासणीची नवी पद्धत घालून दिली, आणि तरीही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

लग्नाच्या आत

सर्वांत जुना वाद इथला आहे. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. बलात्काराचे कलम लागले नाही, कारण कायद्यातले संमतीचे वय तेव्हा दहा होते. १८९१ मध्ये ते बारा करताना पुण्यात रण माजले, रा. गो. भांडारकर बाजूने, टिळक विरोधात. त्याच्या थोडे आधी मुंबईत रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली होती.

वर्मा समितीने विवाहांतर्गत बलात्काराची सूट काढून टाका असे सुचवले होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती कायम आहे. पत्नी १८ वर्षांखालील नसेल, तर पतीचा बलात्कार बलात्कार ठरत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या विवाहित वा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी ८२ टक्क्यांनी करणारा म्हणून सध्याच्या नवऱ्याचे नाव घेतले. गुन्हे नोंद विभागाच्या बलात्काराच्या रकान्यात त्या कुठल्याच वर्षी मोजल्या जात नाहीत.