घरातलं पाणी कुठे मुरतं?

1569 साली इटलीतल्या बोलोन्या शहरात एका नामवंत वैद्याच्या घरी चोरी झाली. रोख रक्कम गेली, दागिने गेले. चोर घरातलाच निघाला, धाकटा मुलगा आल्दो. अंगावरच्या कपड्यांसकट स्वतःचं होतं नव्हतं ते सगळं तो जुगारात हरला होता, वडिलांचीही मोठी रक्कम त्याने घालवली होती, आणि मग त्याने वडिलांचंच घर फोडलं. वडिलांनी अधिकाऱ्यांकडे तक्रार केली आणि मुलगा शहरातून हद्दपार झाला.

हे वडील म्हणजे जेरोलामो कार्दानो. सोळाव्या शतकातला मोठा गणिती, आणि फाशांच्या खेळातल्या शक्यतांचं गणित पुस्तकरूपाने मांडणारा पहिला माणूस. पण तरुणपणी त्यानेही जुगारापायी बायकोचे दागिने आणि घरातलं सामान गहाण टाकलं होतं.

घरातले पैसे गायब होतात, सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागतात, आणि शेवटी आपल्यातलाच एक जण पकडला जातो. जुगाराभोवती रचलेल्या कौटुंबिक रहस्यकथेचा हा ठरलेला मार्ग. चोर सापडला की कथा संपते. मला मात्र खरं कोडं तिथून पुढे सुरू होतं असं वाटतं. शक्यतांचं गणित ज्याला त्याच्या काळातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं, तो माणूस स्वतः खेळत का राहिला? ‘स्वभावच तसा’ किंवा ‘संगत वाईट’ या उत्तरांवर आपण फार लवकर थांबतो. विज्ञानाकडे याहून चांगलं उत्तर आहे, आणि ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

आधी गणित. दोन फासे टाकले तर 36 प्रकारची दानं पडू शकतात, तीन टाकले तर 216, हे कार्दानोला ठाऊक होतं. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर थेट 1663 मध्ये छापलं गेलं. तोवर, 1654 मध्ये, पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींनी पत्रांमधून संभाव्यतेचं, म्हणजे शक्यता मोजण्याचं, शास्त्र उभं केलं होतं, आणि त्यालाही निमित्त जुगाराच्याच एका प्रश्नाचं होतं.

या शास्त्राने दिलेलं सगळ्यात धक्कादायक उत्तर रूलेटच्या चक्रावर नीट दिसतं. फिरत्या चक्रावर सोडलेली गोळी कुठल्या घरात थांबेल, यावर पैसे लावायचा हा खेळ. युरोपीय चक्रावर 37 घरं असतात: 18 लाल, 18 काळी आणि एक हिरवं शून्य. तुम्ही लालवर पैसे लावले आणि लाल आलं, तर लावले तेवढेच वर मिळतात. जिंकण्याची शक्यता 37 मध्ये 18, म्हणजे 48.6 टक्के. लावलेल्या दर 100 नाण्यांमागे सरासरी 2.7 नाणी जुगारघराच्या गल्ल्यात जातात. हे नुकसान किरकोळ वाटतं, आणि ते तसं वाटतं म्हणूनच माणूस फसतो.

समजा, 100 नाणी घेऊन कुणी बसलं आणि 200 झाली की उठायचं असं त्याने ठरवलं. सगळी 100 एकाच डावात लावली, तर तो 48.6 टक्के शक्यतेने जिंकेल. पण तो सावध आहे, म्हणून एका वेळी एकच नाणं लावतो. आता 100 ची 200 होण्याची शक्यता किती? साधारण 224 मध्ये 1. अर्ध्या टक्क्याहूनही कमी. चक्र तेच, रंग तोच, नियम तेच. फरक पडला तो डावांच्या संख्येने. म्हणून सगळं एकदम लावावं असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ‘मी थोडं थोडंच लावतो’ या वाक्यावर घरचे लोक निर्धास्त होतात, तेव्हा हा आकडा समोर ठेवावा. एखाददुसऱ्या डावात काहीही होऊ शकतं. शेकडो डावांनंतर काय होणार, ते जवळजवळ ठरलेलं असतं.

‘हरलो की दुप्पट लावायचं, एक ना एक दिवस जिंकूच’ ही युक्तीही फार जुनी. 100 नाण्यांपासून सुरुवात केली आणि सलग दहा वेळा हरलात, तर 1,02,300 नाणी गेलेली असतात. अकरावा डाव 1,02,400 नाण्यांचा, आणि तो जिंकलात तर एकूण फायदा 100 नाण्यांचा! सलग दहा हार दुर्मिळ असतात, साधारण 784 मध्ये एकदा. रोज खेळणाऱ्याला तो दिवस गाठायला फार काळ लागत नाही. 18 ऑगस्ट 1913 रोजी माँटे कार्लोच्या जुगारघरात काळा रंग सलग 26 वेळा आला. ‘आता तरी लाल येणारच’ म्हणत लोक रकमा वाढवत गेले आणि प्रचंड पैसा हरले. आधी काय आलं होतं हे चक्राला आठवत नसतं. ते माणसाला आठवतं, आणि त्या आठवणीतून तो नसलेला नियम काढतो.

हे सगळं समजूनही हात थांबत नाही, याचं कारण मेंदूत शोधावं लागतं.

वोल्फराम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे संदेश वाहणारं रसायन तयार करणाऱ्या पेशींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी चेतत. पण रसाआधी ठराविक खूण दिसू लागल्यावर त्या रस मिळताना शांत राहून खूण दिसतानाच चेतू लागल्या, आणि अपेक्षित रस मिळाला नाही की मंदावल्या. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. 2003 मध्ये शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि जुगाराच्या बाबतीत मला ती सगळ्यात मोलाची वाटते. खूण दिसल्यापासून निकाल कळेपर्यंतच्या काळात यातल्या कित्येक पेशींची हालचाल हळूहळू चढत जाते, आणि बक्षिसाची शक्यता बरोबर निम्मी असते तेव्हा ती सर्वाधिक चढते. खात्रीने मिळणार असेल तर ती चढ दिसत नाही, मुळीच मिळणार नसेल तरीही नाही. जुगारी ‘पैशासाठी’ खेळतो असं आपण म्हणतो, पण चक्र थांबायच्या आधीचे ते काही क्षणच त्याला खेचत असतात. म्हणून जिंकल्यावरही तो उठत नाही.

हातातोंडाशी आलेला घास गेला तर वाईट वाटतं. जुगाराच्या यंत्रावर मात्र तोच घास पुन्हा बसायला लावतो. तीन सारखी चित्रं यायला हवीत, दोन आली आणि तिसरं एका घराने हुकलं. 2009 मध्ये ल्यूक क्लार्क हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वेळी लोकांच्या मेंदूची चित्रं घेतली. थोडक्यात हुकलेला डाव लोकांना साध्या हारीपेक्षा जास्त अप्रिय वाटला, तरी खेळायची इच्छा वाढली, आणि खऱ्या विजयाला प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग त्या हारीलाही प्रतिसाद देत होते. नेम धरायला शिकताना ‘थोडक्यात हुकलं’ म्हणजे आपण सुधारतोय. यंत्राच्या बाबतीत त्याचा काहीही अर्थ नसतो. मेंदूला हा भेद करता येत नाही.

या रहस्यातला सर्वांत बोलका पुरावा एका वेगळ्याच दवाखान्यातून आला. पार्किन्सनच्या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं, म्हणून डोपामिनचं काम करणारी औषधं देतात. 2005 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 11 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ही औषधं घेताना त्यांना जुगाराचं अनावर वेड लागलं होतं. औषध कमी किंवा बंद केल्यावर, ज्यांचा पुढे पाठपुरावा झाला त्यांच्यात ते ओसरलं. आता हे अशा घराच्या बाजूने बघा. उतारवयातला, आयुष्यभर काटकसरीने राहिलेला माणूस एकाएकी साठवलेला पैसा उडवू लागतो. मुलांना वाटतं म्हातारपणी बुद्धी फिरली, पत्नीला वाटतं इतकी वर्षं आपण या माणसाला ओळखलंच नव्हतं. आणि कारण असतं रोजच्या गोळीत! अशी गोळी घरात कुणी घेत असेल तर हा दुष्परिणाम घरच्यांनाही माहीत असू द्या. मात्र औषध मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना सांगा.

मग हरत चाललेला माणूस वेळीच मागे का फिरत नाही? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवलं, की मिळालेल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख बरंच मोठं असतं. फायद्यात असताना आपण जपून वागतो. तोट्यात असताना खात्रीचा छोटा तोटा स्वीकारण्यापेक्षा सगळं भरून निघण्याच्या अंधुक आशेवर मोठा धोका पत्करतो. उठून जाणं म्हणजे तोटा कायमचा मान्य करणं. तेच नको म्हणून आणखी एक डाव, आणि तोटा वाढला की उठणं आणखी कठीण. पहिल्या दिवशी निवड करणाऱ्या माणसाकडे मोकळीक होती. कर्जात बुडालेल्या माणसाकडे तेवढी उरलेली नसते, आणि ती हिरावून घेणारे निर्णयही त्याचेच असतात. माझ्या मते जबाबदारी आणि आजार या दोन्ही गोष्टी इथे एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीचा आधार घेऊन दुसरी नाकारायचं कारण नाही.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 2013 पासून जुगाराचा विकार दारू आणि मादक पदार्थांच्या व्यसनांच्या गटात घेतला गेला. त्याच्या नऊ लक्षणांपैकी चार वर्षभरात दिसली तर निदान होतं. त्यांतली तीन रहस्यकथेच्या वाचकाला ओळखीची वाटतील: गेलेले पैसे परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं, किती गुंतलोय हे लपवण्यासाठी खोटं बोलणं, आणि जुगाराने आलेल्या पैशांच्या अडचणीतून सुटायला दुसऱ्यांवर भिस्त ठेवणं. खोटं बोलणं हे लक्षणांच्या यादीतच आहे. ‘त्याने आपल्याला फसवलं’ या दुखावलेपणातून बाहेर यायला घरच्यांना याचा उपयोग व्हावा.

दारूचा वास येतो, तोल जातो. जुगाराला वास नसतो, आणि आता तर तो खिशातल्या फोनवर खेळता येतो. त्यामुळे घराला कळतं ते फार उशिरा. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अंदाज काढला, की एका गंभीर जुगाऱ्यामुळे साधारण सहा माणसांना झळ पोहोचते. ही झळ प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 34 व्या सूक्तात हरलेला जुगारी स्वतःच बोलतो: बायको दुरावली आहे, आणि बाप, आई, भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, बांधून घेऊन जा.

आणि आल्दो? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं, की या विकाराकडे असलेल्या कलातला साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो. हा निम्मा हिशेब समाजातल्या माणसामाणसांमधल्या फरकांचा आहे, एखाद्या मुलाच्या कपाळावरचा लेख नव्हे. त्यातून वडिलांना खेळताना बघत मोठं होणं वेगळंच. कार्दानोच्या घरात रक्त आणि संस्कार यांची फारकत करणं आज कुणालाही शक्य नाही.

घरात असं काही उघडकीला आलं की नातेवाईक बहुधा दोनच गोष्टी करतात: आरडाओरडा, नाही तर पांघरूण. कुणी तरी गुपचूप सगळं कर्ज फेडतं आणि ‘पुन्हा नाही’ अशी शपथ घेतली जाते. उपचार करणारे याच फेडीबद्दल सावध करतात, कारण तोटा कुणीतरी भरून देतं हे मेंदू शिकतो आणि हातात पुन्हा पत मोकळी होते. उपयोगी ठरतात ती कंटाळवाणी वाटणारी कामं: कर्जाची संपूर्ण यादी, खात्यांचा व्यवहार काही काळ विश्वासाच्या माणसाकडे, खेळाच्या अॅपवर आणि जुगारघरात स्वतःहून घालून घेतलेली बंदी, आणि विचारांची पद्धत बदलायला शिकवणारे मानसोपचार, ज्यांचा पुरावा आजवर सर्वांत चांगला आहे. नाल्ट्रेक्झोनसारख्या औषधाचा काही रुग्णांना फायदा झाल्याचं चाचण्यांत दिसलंय.

एका गोष्टीत मात्र वाट बघू नये. स्वीडनमध्ये 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या विकाराचं निदान झालेल्या 20 ते 74 वयाच्या लोकांमध्ये आत्महत्येने होणारे मृत्यू सर्वसामान्य लोकांच्या सुमारे 15 पट आढळले. कर्ज उघड झाल्यानंतरच्या दिवसांत त्या माणसाला एकटं सोडू नका. मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ शब्दांत विचारा, विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. हो म्हणाला तर हिशेब तसाच बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा.